रत्नागिरी जिल्हा: भूगोल, अर्थव्यवस्था आणि लोकसंख्या यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी जिल्हा नेमका कुठे आहे आणि त्याचा विस्तार किती?

हा जिल्हा कोकण किनारपट्टीच्या मधल्या भागात आहे. उत्तरेला रायगड, दक्षिणेला सिंधुदुर्ग, पूर्वेला सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे सातारा, सांगली व कोल्हापूर आणि पश्चिमेला अरबी समुद्र अशा त्याच्या सीमा आहेत. क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर आणि समुद्रकिनारा सुमारे १६७ किलोमीटर आहे. दक्षिणोत्तर लांब पसरलेला हा पट्टा पूर्व-पश्चिम मात्र सरासरी साठ-पासष्ट किलोमीटरच भरतो. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा आणि राजापूर हे नऊ तालुके आहेत. त्यांपैकी संगमेश्वर तालुक्याची कचेरी संगमेश्वरात नसून देवरुखला आहे, आणि कामासाठी प्रथमच येणारा माणूस हमखास चुकीच्या गावी उतरतो.

जुन्या नोंदींमध्ये जिल्हा याहून मोठा दिसतो, तो का?

१ मे १९८१ रोजी दक्षिणेकडचे तालुके वेगळे काढून सिंधुदुर्ग जिल्हा झाला. त्यामुळे त्याआधीची ‘रत्नागिरी जिल्हा’ या नावाखालची लोकसंख्या, भाताचे क्षेत्र किंवा मासळीचे उत्पादन आजच्या आकड्यांशी थेट ताडून पाहता येत नाही. अनेक लेखांत ही तुलना सर्रास केलेली आढळते आणि तिच्यातून जिल्ह्याच्या ऱ्हासाचे भलतेच निष्कर्ष निघतात. त्याही मागे गेल्यास, इंग्रजी अमलाच्या आरंभी १८१९ मध्ये ‘दक्षिण कोकण’ या नावाने जिल्हा बनला तेव्हा त्याचे मुख्य ठाणे बाणकोटला होते. ते १८२२ मध्ये रत्नागिरीला हलले आणि १८३२ पासून जिल्ह्याला आजचे नाव मिळाले.

जिल्ह्याची भूरचना कशी आहे?

स्थानिक भाषेत याचे उत्तर दोन शब्दांत आहे: खलाटी आणि वलाटी. समुद्रालगतची सखल, नारळी-पोफळीची आणि खाड्यांची पट्टी म्हणजे खलाटी, तर सह्याद्रीच्या पायथ्याकडची डोंगराळ, अधिक पावसाची बाजू म्हणजे वलाटी. या दोहोंच्या मध्ये जांभ्या दगडाचे सपाट माथे पसरले आहेत, त्यांना सडा म्हणतात. पावसाळ्यात सड्यावर गुडघाभर गवत आणि रानफुले असतात, आणि मार्चमध्ये त्याच सड्यावर अनवाणी पाऊल ठेववत नाही.

सड्याखालचा मूळ खडक काळा बेसाल्ट आहे. प्रचंड पाऊस आणि उष्णता यांमुळे त्याचा वरचा थर युगानुयुगे झिजला, विरघळणारी द्रव्ये वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली. तोच तांबडा, सच्छिद्र जांभा. खाणीतून ताजा काढलेला जांभा मऊ असतो आणि हवेवर राहिला की टणक होतो, म्हणूनच त्याचे घडीव चिरे काढता येतात आणि जुनी घरे, विहिरी, गडगे (कुंपणाच्या भिंती) सगळे चिऱ्यांचे आहेत. याच सड्यांवर राजापूर व रत्नागिरी तालुक्यांत प्राचीन कातळशिल्पे सापडली आहेत. कशेळी, देवीहसोळ, बारसू, रुंढे तळी, जांभरूण आणि उक्षी येथील शिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. कशेळीच्या सड्यावर कोरलेला अवाढव्य हत्ती पाहायचा असेल तर सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जावे. भर दुपारी प्रकाश डोक्यावर असताना खोदलेली रेघ कातळात विरून जाते.

नद्या आणि खाड्या कोणत्या?

उत्तर सीमेवर सावित्री बाणकोटच्या खाडीला मिळते. त्याखाली वाशिष्ठी दाभोळला, शास्त्री जयगडला, काजळी भाट्याला, मुचकुंदी पूर्णगडला आणि अर्जुना जैतापूरला समुद्रास मिळते. खेडची जगबुडी ही वाशिष्ठीची उपनदी आहे. बहुतेक नद्या सह्याद्रीत उगम पावून शंभर किलोमीटरचाही प्रवास न करता समुद्र गाठतात आणि शेवटचा बराच टप्पा भरतीच्या खाऱ्या पाण्याचा असतो. पूर्वी याच खाड्या जिल्ह्याचे हमरस्ते होते. राजापूरसारखे समुद्रापासून आत असलेले गाव सतराव्या शतकात इंग्रजांना वखार घालण्याइतके महत्त्वाचे वाटले, ते खाडीमुळेच. पुढे खाड्या गाळाने भरत गेल्या, रस्ते आले आणि बंदरांची पेठ घाटरस्त्यांकडे सरकली. आज घाटावर जाण्यासाठी चिपळूणहून कुंभार्ली घाट, साखरप्याहून आंबा घाट आणि राजापूरकडून अणुस्कुरा घाट हे मुख्य मार्ग आहेत.

इतका पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाण्याची टंचाई का होते?

जिल्ह्याबाहेरच्या माणसाला हे कोडे पडतेच. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांवर टँकर जातो. एक कारण उताराचे आहे: सह्याद्रीच्या कड्यावरून निघालेले पाणी काही तासांत खाडीत पोचते. दुसरे कारण जांभ्याचे आहे, कारण तो सच्छिद्र असल्याने पाणी पितो खरा, पण धरून ठेवत नाही. ते पाझरून खालच्या दरीत झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि दिवाळीनंतर काही महिन्यांत आटते. तिसरे कारण वस्तीचे आहे, कारण एका गावाच्या आठ-दहा वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या असतात आणि प्रत्येक वाडीला वेगळी नळयोजना परवडत नाही. मे महिन्यात वाडीखालच्या झऱ्यावर हंडा लावून, करवंटीने पाणी भरत, आपली पाळी येईपर्यंत बसलेल्या बायका हे दृश्य अजूनही जुने झालेले नाही. गावोगावी डिसेंबरात सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यांवर वनराई बंधारे घातले जातात. त्यांनी विहिरींची पातळी महिना-दीड महिना तगते. उपाय साधा आहे, पण माझ्या मते मोठ्या, अर्धवट राहिलेल्या योजनांपेक्षा त्याचा उपयोग अधिक झाला आहे.

या प्रश्नाला एक विचित्र बाजू आहे. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवून चिपळूण तालुक्यातील पोफळी व कोळकेवाडी येथे वीज तयार केली जाते. मुळात कृष्णेकडे जाणारे हे पाणी वीज दिल्यावर वाशिष्ठीत सोडले जाते आणि बहुतांशी तसेच समुद्राला मिळते. ते टंचाईच्या गावांना किंवा मुंबईला द्यावे अशा योजना वेळोवेळी मांडल्या जातात. वाशिष्ठी मात्र बारमाही झाली आहे, आणि तिच्या खाडीतल्या मगरी पर्यटकांना दाखवणे हा काही नावाड्यांचा धंदा झाला आहे.

पूर आणि वादळांचा धोका किती आहे?

चिपळूण आणि खेड ही शहरे नदीकाठी, खाडीच्या भरतीच्या आवाक्यात आहेत. घाटमाथ्यावर अतिवृष्टी आणि त्याच वेळी मोठी भरती असा योग आला की पाणी उतरायला वाट राहत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. त्यानंतर वाशिष्ठीतील गाळ काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आले. त्याआधी २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटून खालच्या वाडीतील माणसे वाहून गेली होती. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली व मंडणगड तालुक्यांतील नारळ-सुपारीच्या बागा भुईसपाट केल्या. माडाचे नवे रोप फळाला येण्यास वर्षे लागतात, हे लक्षात घेतले तर एका दुपारच्या वादळाने झालेली हानी किती काळ पुरते याचा अंदाज येतो.

जिल्ह्यातील मुख्य पीक कोणते?

पोटाचे पीक भात आणि पैशाचे पीक हापूस. भात पावसावरच होतो: जूनमध्ये तरवा, म्हणजे रोपांसाठीची पेर, टाकायचा, जुलैत चिखलणी करून लावणी करायची आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी. उताराच्या वरकस, म्हणजे हलक्या जमिनीत नाचणी व वरी होत असे, ती आता फार कमी झाली आहे. भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर कुळीथ आणि पावटा होतो. कुणगे, म्हणजे भाताची खाचरे, इतके लहान की तेथे यंत्र फिरत नाही, मजूर मिळत नाहीत, आणि रानडुकरे व वानरे उरलेले पीक ठेवत नाहीत. त्यामुळे दरवर्षी काही जमीन पडीक राहते.

आंब्याखाली जिल्ह्यातील साठ हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र आहे. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि त्यानंतर पूर्वी गुरे चारली जात असत त्या कातळावर सुरुंग लावून, खड्डे करून, बाहेरून माती आणून कलमे लावली गेली. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले. आंबा, काजू, भात आणि नारळ या चारही पिकांत त्याचे काम मोठे आहे. देठासकट आंबा उतरवणारा ‘नूतन झेला’ हे त्याचेच देणे.

हापूसला इतका भाव मिळतो, मग बागायतदार कर्जात का असतो?

कारण भाव पहिल्या पेट्यांना मिळतो आणि खर्च सगळ्या झाडांवर होतो. थंडी पडली की मोहोर येतो. त्यावर तुडतुडे आणि फुलकिडे येतात, त्यांच्यासाठी फवारण्यांमागून फवारण्या कराव्या लागतात. मध्येच ढगाळ हवा किंवा अवकाळी पाऊस झाला तर मोहोर काळवंडतो. नियमित फळ यावे म्हणून पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे बोलीत ‘कल्टार’, घातले जाते. त्याचे खत-पाण्याचे गणित सांभाळले नाही तर झाड थकते. बागा पुष्कळदा कराराने दिलेल्या असतात आणि दोन-चार वर्षांसाठी बाग घेणारा माणूस झाडाच्या पुढच्या वीस वर्षांचा विचार करीलच असे नाही.

फळ चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार झाले की उतरवतात. झाडावर अधिक पिकू दिले तर आत साका धरण्याची भीती असते. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या आंब्यात कापल्यावर पांढरट, आंबूस, पिठूळ गर निघतो, त्याला साका म्हणतात. पेटी भरणाऱ्यालाही तो ओळखता येत नाही. मग गवताच्या आढीत किंवा पेटीत भाताच्या पेंढ्यावर आंबा पिकतो. मार्चमध्ये वाशीच्या बाजारात चढलेला दर मे महिन्यात माल वाढला की कोसळतो, आणि तेव्हा डागी व लहान फळ कॅनिंगला किलोच्या भावाने द्यावे लागते. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना मिळून आहे. परराज्यातील आंबा ‘रत्नागिरी’ म्हणून विकण्याचा प्रकार त्याने कायद्याने चुकीचा ठरला, बंद मात्र झालेला नाही.

काजूचे काय?

काजू कमी कष्टाचे आणि वरकस जमिनीतही येणारे पीक आहे. वेंगुर्ला संशोधन केंद्राच्या ‘वेंगुर्ला ४’ आणि ‘वेंगुर्ला ७’ या जाती सर्वत्र पसरल्या आहेत. प्रक्रिया करणारे लहान कारखाने गावोगावी आहेत आणि त्यांत प्रामुख्याने स्त्रिया काम करतात, परंतु आफ्रिकेतून येणाऱ्या स्वस्त बीमुळे स्थानिक बीचा दर दबतो. बोंडू, म्हणजे बीला लागून असलेले रसाळ फळ, बहुतांशी बागेतच कुजतो.

मासेमारीची स्थिती कशी आहे?

रत्नागिरीचे मिरकरवाडा, दापोलीचे हर्णै, राजापूरचे साखरीनाटे, तसेच जयगड व दाभोळ ही प्रमुख बंदरे आहेत. बांगडा, तारली, सुरमई, पापलेट, कोळंबी आणि म्हाकूल ही मुख्य मासळी. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेनंतर हंगामाला खरा जोर येतो. हर्णैला संध्याकाळी वाळूवरच लिलाव होतो. होड्या कमरेइतक्या पाण्यात थांबतात, बैलगाड्या पाण्यात शिरून टोपल्या घेऊन येतात आणि हाताच्या इशाऱ्यांवर भाव ठरतात.

खरा वाद आहे तो पर्ससीन जाळ्यांचा. मोठी नौका संपूर्ण थवा एका वेढ्यात उचलते आणि लहान होडीवाल्या पारंपरिक मच्छीमाराला रिकाम्या हाताने परतावे लागते, अशी तक्रार आहे. २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीनच्या परवान्यांवर आणि हंगामावर मर्यादा घातल्या. प्रखर दिव्यांच्या उजेडात मासे गोळा करण्यासही बंदी आहे. गस्तीच्या नौका किनाऱ्याच्या मानाने अपुऱ्या असल्याने दोन्ही बंधने रात्रीच्या समुद्रात सैल पडतात. या व्यवसायात खारवी, गाबीत, भंडारी आणि दालदी मुस्लिम समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे. अलीकडे मात्र मोठ्या नौकांवर खलाशी म्हणून आणि आंब्याच्या बागांत राखणदार म्हणून नेपाळी तरुण मोठ्या संख्येने दिसतात. ज्या जिल्ह्यातून माणसे पोटासाठी बाहेर जातात, त्याच जिल्ह्यात पोटासाठी हिमालयाच्या पायथ्याहून माणसे येतात.

उद्योग आणि मोठे प्रकल्प कोणते आहेत?

खेड तालुक्यातील लोटे-परशुराम ही रासायनिक कारखान्यांची वसाहत सर्वात मोठी. तिच्या सांडपाण्यामुळे दाभोळ खाडीतील मासळी घटल्याची तक्रार खाडीकाठची गावे अनेक वर्षे करीत आली आहेत. गुहागर तालुक्यातील अंजनवेलचा दाभोळ वीजप्रकल्प एन्रॉन कंपनीने उभारला, १९९९ मध्ये तेथे वीजनिर्मिती सुरू झाली आणि दराच्या वादातून २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. २००५ मध्ये त्यासाठी सरकारी पुढाकाराने नवी कंपनी स्थापन झाली. जयगडला १,२०० मेगावॉटचे कोळशावरचे वीजकेंद्र आणि बंदर आहे. जैतापूर येथे १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांचा, म्हणजे ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प प्रस्तावित आहे. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठीची भूसंपादनाची प्रक्रिया २०१९ मध्ये रद्द झाली, आणि नंतर बारसूच्या सड्यावर एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षण सुरू होताच तेथे मोठे आंदोलन झाले.

विरोध करणारे सगळेच विकासविरोधी आणि पाठिंबा देणारे सगळेच दलाल, ही मांडणी दोन्ही बाजूंनी सोयीची आहे. प्रत्यक्षात आंबा-मासळीवर जगणारा माणूस हिशेब करतो की सड्याची जमीन एकदाच विकली जाते, तर शहरात दहा बाय दहाच्या खोलीत राहणारा त्याचा भाऊ म्हणतो की कारखाना आला असता तर मला गाव सोडावे लागले नसते.

जिल्ह्याची लोकसंख्या किती आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार १६,१५,०६९, त्यांत ७,६१,१२१ पुरुष आणि ८,५३,९४८ स्त्रिया. घनता दर चौरस किलोमीटरला १९७ आणि साक्षरता ८२.१८ टक्के, म्हणजे जवळपास राज्याच्या सरासरीइतकीच. शहरी लोकसंख्या केवळ १६ टक्क्यांच्या आसपास आहे. रत्नागिरी शहर तेव्हा पाऊण लाखाचे आणि चिपळूण पंचावन्न हजारांचे होते.

लोकसंख्या घटली, हे खरे का?

होय. २००१ मध्ये ती १६,९६,७७७ होती, म्हणजे दहा वर्षांत ८१,७०८ माणसे कमी झाली. त्या दशकात महाराष्ट्रात केवळ रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर या तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. घट दुष्काळामुळे किंवा रोगराईमुळे झालेली नाही. लहान कुटुंबे आणि स्थलांतर ही तिची कारणे आहेत.

स्त्रियांचे प्रमाण इतके जास्त कसे?

दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया, हे प्रमाण राज्यात सर्वाधिक आहे आणि ते पुष्कळदा अभिमानाने सांगितले जाते. त्यात अभिमानाचा भाग थोडा आहे. शून्य ते सहा वयोगटात येथेही मुलांपेक्षा मुली कमीच आहेत. नोकरीच्या वयातले पुरुष मुंबई, ठाणे, पुणे किंवा आखाती देशांत गेल्यामुळे मागे राहणाऱ्यांत स्त्रिया अधिक भरतात, एवढाच त्याचा अर्थ.

माणसे जिल्हा सोडून का जातात?

जमीन हे मूळ कारण. खोती पद्धतीत गावचा शेतसारा खोत वसूल करी आणि कुळाच्या हाती फारसे काही उरत नसे. ती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले होते. त्यांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे. खोती निर्मूलनाचा कायदा प्रत्यक्षात १९४९ मध्ये झाला. तोपर्यंत गिरण्यांकडे, गोदीकडे आणि जहाजांकडे जाण्याची वाट पक्की रुळली होती. चाकरमानी मुंबईहून मनीऑर्डर पाठवी आणि घरची माणसे शेती करीत. गिरण्या बंद पडल्या, परंतु मनीऑर्डरची जागा बँकेच्या खात्याने घेतली इतकेच.

आज अडचण वेगळी आहे. कुळकायद्याने मिळालेली जमीन वाटण्यांमध्ये इतकी तुकडे झाली की एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावे सहज आढळतात. त्यांतली निम्मी माणसे हयात नसतात, उरलेली चार शहरांत असतात. अशा सामाईक जमिनीवर कर्ज मिळत नाही, योजना बसत नाही आणि विहीर पाडायची म्हटले तरी सगळ्यांच्या सह्या लागतात. दहावी-बारावीच्या परीक्षेत रत्नागिरी व सिंधुदुर्ग यांचा कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो, आणि निकालानंतर पहिल्या गाडीने ती मुले बाहेर पडतात. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांचा पट दहाच्याही खाली आहे.

कोकण रेल्वे आणि महामार्गामुळे काही बदलले का?

२६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि पानवल नदीवरचा उंच पूल या जिल्ह्यातच आहेत. प्रवास सोपा झाला, मात्र स्थानके गावांपासून दूर असल्याने आणि मार्ग बराचसा एकेरी असल्याने मालवाहतुकीचा अपेक्षित लाभ शेतकऱ्याला मिळाला नाही. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण दशकाहून अधिक काळ रेंगाळले. रेल्वेमुळे गाव जवळ आले, तसेच गाव सोडणेही सोपे झाले.

२०११ नंतरचा खरा आकडा कधी कळेल?

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी जाहीर झाली आहे. ज्या घरांना वर्षाचे दहा महिने कुलूप असते ती गणपतीत आणि शिमग्यात उघडतात, पालखी अंगणात यायची म्हणून सारवली जातात आणि आठवड्याने पुन्हा बंद होतात. २०२७ मध्ये होळी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतर आहे, म्हणजे मुंबईकर गाडीतून उतरतील तेव्हा मोजणी संपलेली असेल.